कपाटातील झेरॉक्स आणि कायद्याची दोन दारे

आमचे समीक्षेचे एक छोटे पुस्तक बाजारात मिळेनासे होऊन बरीच वर्षे झाली. कुणीतरी ते पानन्‌पान स्कॅन करून आंतरजालावर ठेवले असल्याचे एका विद्यार्थ्याने मोठ्या आनंदाने सांगितले. आम्हांला मात्र प्रथम संतापच आला. ‘ही सरळ चोरी आहे,’ असे आम्ही म्हणालो. विद्यार्थी आमच्या कपाटाकडे पाहू लागला. तेथे एम.ए.च्या दिवसांपासून जपलेल्या झेरॉक्स प्रतींची रांग होती. ‘सर, मग ही?’ त्याने विचारले. मूळ ग्रंथ विकत घेण्याची तेव्हा आमची ऐपत नव्हती, आणि त्या प्रतींवाचून आमचे शिक्षण झाले नसते.

दुटप्पीपणाची सुरुवात अशी घरातूनच होते. कायद्याचा दुटप्पीपणा अधिक गंभीर, कारण त्याच्या हाती तुरुंगाच्या किल्ल्या असतात. आपल्याकडील १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ६३ वे कलम जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र किल्ली कोणासाठी फिरते, हे कलमात लिहिलेले नसते.

या संदर्भात आम्हांला आरन स्वार्ट्झ आठवतो. या अमेरिकन तरुणाने २०१०-११ मध्ये एमआयटीच्या जाळ्यावरून जेस्टोर या संग्रहातील लाखो शोधलेख उतरवून घेतले. जेस्टोरने त्याच्याशी समझोता केला. सरकारी वकिलांनी मात्र खटला सोडला नाही. पुढे आरोपांची संख्या तेरावर गेली. खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

आता दुसरे दार पाहू. मेटा आणि अँथ्रॉपिक या कंपन्यांनी आपली भाषिक प्रारूपे घडवताना लिब्जेनसारख्या चोरट्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तके उतरवून घेतल्याचे लेखकांनी लावलेल्या दाव्यांतून बाहेर आले. २०२५ मध्ये अँथ्रॉपिकने १५० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. त्याच वर्षी मेटाच्या दाव्यात पुस्तकांच्या प्रशिक्षणातील वापरापुरता निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. लेखकांना काही मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु हे दावे दिवाणी होते. त्यांत प्रश्न पैशाचा होता, कैदेचा नव्हता.

ही प्रकरणे तंतोतंत सारखी नाहीत, हे मान्य करावयास हवे. स्वार्ट्झवरील आरोप प्रताधिकारभंगाचे नव्हते. ते संगणकीय गैरप्रवेशाचे आणि फसवणुकीचे होते. पण आमच्या मते मर्म तेथेच आहे. साधनसंपन्नाचे कृत्य हिशेबवहीत खर्च म्हणून जमा होते, एकट्या माणसाचे आरोपपत्रात गुन्हा म्हणून. न्याय्य कायद्याने निदान दोन प्रश्न सर्वांना सारखेच विचारावेत: घेणाऱ्यापाशी विकत घेण्याचा मार्ग होता काय, आणि त्यातून त्याने नफा किती मिळवला? विद्यार्थ्याची झेरॉक्स आणि कंपनीचा कोठार यांतील फरक या प्रश्नांनी लगेच उघड होतो.

आमच्या पुस्तकाविषयी आम्ही तक्रार केली नाही. यात औदार्य काही नाही. तक्रार लिहावयास बसलो, तेव्हा समोर कपाट होते.