नाही म्हणण्याची सोय

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ नावाची एक ओळ असते. महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. प्राप्तिकरापुढे ही रक्कम किरकोळ, त्यामुळे तिच्यावर नजर फारशी ठरत नाही. पण 1975 साली हा कर बसवला गेला तो खेड्यातल्या मजुराला काम देण्यासाठी. शहरातल्या कमावत्यांनी कर भरायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून रोजगार हमी योजना (रोहयो) चालवायची, असा तो व्यवहार होता. माझ्या कष्टाच्या पैशातून अनोळखी माणसाच्या पोटाची सोय का करायची, हा व्यक्तिस्वातंत्र्याच्या कट्टर पुरस्कर्त्यांचा प्रश्न. मराठी माणसाच्या बाबतीत तो इतक्या सरळपणे पगाराच्या कागदावरच उतरलेला आहे.

सरकारने मध्ये पडूच नये, हे उत्तर या भूमीने एकदा भोगून पाहिले आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारचे धोरण ठाम होते: धान्याचा व्यापार मोकळा राहील, त्यात ढवळाढवळ होणार नाही. दख्खनची शेते करपली होती, तरी हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच राहिला. दुष्काळी कामांवरच्या मजुराचे रोजचे धान्य लिटनचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी एका पौंडावर आणले. दिवसभर माती वाहणाऱ्याला साधारण अर्धा किलो! मुंबई इलाख्यातले हजारो मजूर हे कमी केलेले वेतन नाकारून कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. उपाशी माणसांनी कामावरून उठून जाणे यापरते निकराचे दुसरे काय असेल? त्या बाजारात व्यापारी स्वतंत्र होता, मजूरही कागदावर स्वतंत्रच होता. फक्त त्याच्या नकाराची किंमत त्याचा जीव होती.

जवळपास शंभर वर्षांनी 1972 चा दुष्काळ आला. राज्यातले धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याहून खाली घसरले. मे 1973 मध्ये सरकारी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसे होती. त्या पिढीच्या बोलण्यात आजही अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी येते, कामावर वाटलेली सुकडी येते, खडीचे ढीग येतात. हातोडीने दगड फोडायचा, ढीग रचायचा, मग ब्रासात मोजमाप होणार आणि मस्टरवर नाव असेल तर मजुरी हातात पडणार. बोटे फुटायची, काम जनावरासारखे होते. पण ब्रिटिश काळात अशा दुष्काळात गावेच्या गावे ओस पडत, ते या वेळी झाले नाही.

या कामांमागचा विचार दुष्काळाच्या आधीचा होता. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. 1965 साली त्यांनी आपल्याच गावात प्रयोग करून पाहिला, की काम मागेल त्याला काम देणे खरोखर शक्य आहे का. पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही 1971 मध्ये दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांचाच आग्रह धरला. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. सुरुवातीला दिवसाला निदान एक रुपया. कोणाला काम द्यायचे हे साहेबाने ठरवायचे नव्हते, ते मागणाऱ्याने ठरवायचे होते.

या योजनेवर बागायतदारांची कायमची तक्रार होती: रोहयोमुळे शेतावर माणूस मिळत नाही, मिळाला तर जास्त रोज मागतो. तक्रार खरीच होती, आणि योजनेच्या बाजूने याहून मोठी साक्ष नाही. मराठवाड्यात, विदर्भात गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. घरात दाणा नाही, मालकाकडून आधीच पैसे घेतलेले, अशा वेळी होणारी बोली ही दोन मोकळ्या माणसांची बोली नसते. गावाजवळ नालाबांधाचे काम सुरू असेल तर मात्र गड्याला ‘एवढ्यात जमणार नाही’ म्हणता येते. धनिकाला ही सोय जन्मतःच असते, म्हणून ती त्याच्या ध्यानात येत नाही. त्याच्या स्वातंत्र्याचा केवढा तरी भाग तिच्यावरच उभा असतो.

पण सरकारने दिलेली प्रत्येक सुरक्षितता अशी मोकळीक देतेच असे नाही. याच सुमारास महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायचे, त्याला खात्रीचा भाव द्यायचा. त्यासाठी खासगी व्यापारच बंद केला गेला. कापूस विकायचा तो फक्त सरकारला, पणन महासंघाच्या केंद्रावर. तिथे गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद आणि चुकाऱ्यासाठी वाट पाहणे. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी तिकडे माल नेणे गुन्हा ठरला. आपल्याच रानात पिकवलेला कापूस शेतकऱ्याला रात्री चोरून सीमेपलीकडे न्यावा लागला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या मक्तेदारीविरुद्ध रान उठवले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही त्यांची घोषणा केवळ भावाची मागणी नव्हती. आमचा कैवार घेऊन आमचे हात बांधू नका, हे त्यांना सांगायचे होते. या शतकाच्या सुरुवातीला सरकारने अखेर ही मक्तेदारी सोडली. शरद जोशी या बाबतीत बरोबर होते, हे रोहयोच्या पुरस्कर्त्यांनीही मोकळेपणाने म्हणायला हवे.

दोन योजना, एकच राज्य, जवळजवळ एकच काळ. रोहयोच्या कामावर मजूर स्वतः मागून यायचा आणि बरे काम मिळाले की निघून जायचा, त्याला कोणी अडवत नव्हते. कापसाच्या योजनेत येण्याची सक्ती होती आणि बाहेर जायला दार नव्हते. सुरक्षितता हवी की स्वातंत्र्य, असा वाद घालणारे बहुधा हाच फरक सोडून देतात. मुक्त बाजाराचे मोठे कैवारीही त्याबाबत इतके अंध नव्हते. फ्रीडरिख हायेक यांनी 1944 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात सर्वांना अन्न, वस्त्र, निवाऱ्याची किमान हमी देण्याला हरकत घेतली नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी 1962 मध्ये ठराविक उत्पन्नाच्या खाली असलेल्यांना सरकारने थेट पैसे द्यावेत, अशी योजना मांडली.

रोहयोचे दोष झाकण्यात अर्थ नाही. खोटी मस्टरे भरली गेली, मजुरी महिनोन्महिने रखडली, बेकारी भत्ता तर क्वचितच कोणाच्या हातात पडला. पाझर तलावाचे पाणी ज्याची जमीन खाली त्याच्याच विहिरीला लागले. तो तलाव खोदणारा भूमिहीनच राहिला. पण 1990 पासून याच योजनेतून लहान शेतकऱ्यांच्या रानात फळबागा लावायला सुरुवात झाली, आणि कोकणातली आंबा-काजूची, सोलापूरकडची डाळिंबाची कितीतरी झाडे त्या पैशातून उभी राहिली. हमीने माणूस आळशी होतो म्हणणाऱ्यांनी या बागा पाहाव्यात.

आणि बीडचा ऊसतोड मजूरही पाहावा. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. फडाशेजारी कोपीत राहायचे, पहाटेपासून तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एक दिवस काम चुकले की खाडा, त्याचा दंड. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या साली. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, म्हणून तरुण बायकांनी गर्भाशये काढून टाकल्याचे उघड झाले तेव्हा, 2019 साली, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इथे कोणावर कायद्याची जबरदस्ती नाही. मुकादम येतो, बोली होते, अंगठा उमटतो, सारे राजीखुशीने. या राजीखुशीला स्वातंत्र्य म्हणणे क्रूरपणाचे आहे.

मुकादम पैसे घेऊन दारात येतो ते जून ते सप्टेंबर या महिन्यांत. बीडमधल्या गावांत त्याच महिन्यांत रोहयोचे काम निघाले आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळाली, तर उचल घ्यायची की नाही हे त्या घराला ठरवता येईल. त्यासाठी ग्रामपंचायतीने कामाच्या अर्जाची तारखेसह पोच द्यायला हवी. पोच नसली की 15 दिवस कधीपासून मोजायचे तेच ठरत नाही, आणि भत्त्याचा हक्कही सांगता येत नाही.