हाडांची काडे

शिरपूरला समुद्र नाही. उन्हाळ्यात नावापुरती उरणारी अरुणावती आहे. दक्षिणेला थोड्या अंतरावर तापी आहे, आणि ती पुढे सुरतेपाशी समुद्राला मिळते. आमचा समुद्राशी संबंध काय तो एवढाच. असे असूनही समुद्रातल्या एका प्राण्याच्या अंगचा तुकडा सध्या आमच्या ओसरीवर तारेने बांधून ठेवलेला आहे, आणि त्याच्या निमित्ताने आमच्या घरातली एक फार जुनी रीत मोडली. तुकडा लहान, रीत मोठी. म्हणून ही हकीकत.

शेजारच्या बिऱ्हाडाची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढले आणि पक्ष्यांचा पिंजरा आमच्या ओसरीवर उतरला. आत एक निळा आणि एक पिवळा पक्षी. बाजारात यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरे नाव बजरीगर आणि मूळ देश ऑस्ट्रेलिया. आपल्याकडचा पोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे; या परदेशी पाहुण्यांना ती नाही. बाजरी खातात म्हणून ते बजरीगर, असे आमच्या आईचे ठाम मत आहे, आणि व्युत्पत्तीच्या बाबतीत आईशी वाद घालण्याची या प्राध्यापकाची प्राज्ञा नाही. मुलीने बारसे केले. निळा तो सातपुडा, आणि त्याच्या शेजारी बसते ती अरुणावती.

आठवडाही झाला नसेल, एका सकाळी अरुणावती पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून, डोळे मिटून बसलेली दिसली. आमच्या भागात गाई-म्हशींना पाहणारे एक अनुभवी डॉक्टर आहेत. त्यांनी तिला अलगद मुठीत धरले, पोटावरून बोट फिरवले आणि विचारले, “सर, आजवर हिला खायला काय मिळत होतं?”

“राळे आणि बाजरी. शेजाऱ्यांनी तेवढंच सांगितलं होतं.”

“अंडं अडकलंय हिचं. चुना कमी पडलाय. अंड्याचं कवच धड होत नाही, आणि अंडं बाहेर ढकलायला अंगात जोरही राहत नाही. स्वतःच्या हाडांतलं काढकाढून देत असणार बिचारी.”

त्यांनी चोचीत औषधाचे थेंब सोडले आणि पिंजऱ्याजवळ दिवा लावून ऊब द्यायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंडे पडले. कवच कागदासारखे, बोट लागताच दबणारे. अरुणावती वाचली. पण डॉक्टरांचे ते शेवटचे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. ‘स्वतःच्या हाडांतलं काढकाढून.’ मराठी शिकवणाऱ्या माणसाचे कान अशा ठिकाणी उगाच टवकारतात.

मग मी वाचायला बसलो. पोपटवर्गाविषयी फारसे हाती लागले नाही, कोंबडीविषयी मात्र पुष्कळ लागले, कारण तिच्या अंड्यांवर जगाचा व्यापार चालतो. कोंबडीच्या अंड्याचे कवच म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनखडी. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यात मिळून असते ते साधारण २० ग्रॅम. म्हणजे एका अंड्यामागे सांगाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतका चुना खर्ची पडतो. कवच तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री चालते. रात्री कोंबडी झोपलेली, चरणे बंद. मग माल येतो कुठून? निसर्गाने सोय केली आहे. अंडी घालण्याचे दिवस आले की तिच्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक जादा हाड तयार होते. हा तिचा कणगा. रात्री त्यातून उसने घ्यायचे आणि दिवसा खाऊन फेडायचे. फेड वेळेवर झाली तर सारे ठीक. दाण्यात चुनाच नसला, तर कणगा रिकामा होतो आणि मग खऱ्या हाडांना हात लागतो. अंडे तरीही पडत राहते. मालकाला अंडे दिसते, पायाचे हाड दिसत नाही.

आपल्याकडे नवापूर हे कोंबडीपालनाचे गाव. २००६ साली बर्ड फ्लूमुळे त्याचे नाव देशभर झाले. असा धंदा करणाऱ्याला हा हिशेब पाठ असावा लागतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम राखावे लागते. त्यासाठी शिंपल्यांचा चुरा, चुनखडीची कणी मिसळतात. लहान पिलांना मात्र एवढे दिले तर मूत्रपिंडे बिघडतात. ज्याचे त्याला, ज्या त्या वयात, हे इथेही आहेच.

आमच्या अरुणावतीसाठी डॉक्टरांनी सांगितला समुद्रफेस. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला. लांबट, पांढरा, हातात घेतला तर वजन नसल्यासारखा. पूर्वी कान वाहू लागला की याची पूड वापरीत. नावावरून वाटते की लाटांचा फेस वाळून दगड झाला. कविकल्पना म्हणून छान आहे, पण खरे तसे नाही. माकुळाच्या जातीच्या प्राण्याच्या अंगात हे कवच असते. प्राणी मेला की ते पाण्यावर तरंगते आणि भरतीबरोबर किनाऱ्याला लागते. जवळजवळ सगळा चुनाच. तारेने तो पिंजऱ्याला बांधला. दोन दिवस अरुणावतीने त्याच्याकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी पाहतो तो चोचीने किसून किसून खाली पांढरी रांगोळी घातलेली!

हाच समुद्रफेस अमेरिकेत लोक चक्क खेकड्यांना घालतात. गोगलगाईच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा कोकणच्या किनाऱ्यावर अनेकांनी पाहिला असेल. त्याचेच जमिनीवर राहणारे भाऊबंद आपल्या अंदमान-लक्षद्वीपकडे आहेत. त्या जातीचे खेकडे तिकडे काचेच्या पेटीत पाळतात आणि त्यांना अंड्याच्या टरफलांची पूड, समुद्रफेस वगैरे देतात. कुणी म्हणेल, शंख तर त्याला आयता मिळाला, मग चुना कशाला? शंख भाड्याचा, पण पाय आणि नांग्या स्वतःच्या. त्यांवरचे कठीण कवच अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून तो अधूनमधून कात टाकतो, मऊ अंगाने लपून बसतो, आणि टाकलेली कात स्वतःच खाऊन टाकतो, कारण नव्या कवचाचा चुना त्या जुन्यातच असतो. आपल्याच घरची वसुली आपणच करायची. पक्ष्याच्या मादीला एवढीही सवड नाही. तिने दिलेले कवच अंड्याबरोबर गेले ते गेले.

आणि माणसाच्या मादीचे काय?

दोन वर्षांपूर्वी माझी आई न्हाणीघराच्या उंबऱ्यात घसरली. पडणे म्हणावे असेही ते पडणे नव्हते. बसल्यासारखी खाली आली, आणि खुब्याचे हाड मोडले. वय एकाहत्तर. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला. जिथे पांढरे दाट दिसायला हवे, तिथे विरलेल्या लुगड्यासारखे आरपार दिसत होते. शस्त्रक्रिया झाली, आता ती काठी घेऊन हिंडते आणि काठीचा उपयोग चालण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त करते.

आमच्या घरी दुधाचा एक क्रम होता. तो कुणी ठरवला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडत नव्हता. आधी वडील, मग आम्ही भावंडे, मग आल्यागेल्याचा चहा, मग विरजण. पातेल्यात उरेल ते आईचे, आणि पातेले बहुधा खरवडूनच निघे. ती कोरा चहा घेई. “तू घे ना” म्हटले की अहिराणीत ठरलेले उत्तर, “माले काय धाड भरनी शे!” आमच्या खानदेशी ताटात ज्वारी, बाजरी, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत. चवीला तोड नाही, पण चुन्याच्या हिशेबाने पाहिले तर १०० ग्रॅम ज्वारी-बाजरीत कॅल्शियम २५ ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्याच नाचणीत साडेतीनशेच्या घरात. नाचणी पिकते कोकणात आणि घाटमाथ्यावर. आमच्याकडे ती पाहुणी. तिळात हजारावर असते, पण तीळ आम्हाला आठवतात संक्रांतीला. पालकातले असते, ते अंगी फारसे लागत नाही. त्यातले आम्ल ते धरून ठेवते. राहता राहिले दूध-दही. कपभर दुधात सुमारे अडीचशे मिलिग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मोठ्या माणसाची रोजची गरज पूर्वी ६०० मिलिग्रॅम धरली होती. २०२० साली ती १००० केली. कोऱ्या चहात यातले काय बसते, ते सांगायला नको.

जन्माला येणाऱ्या बाळाच्या सांगाड्यात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते, आणि त्यातले बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येते. अंगावर पाजताना रोज दोन-अडीचशे मिलिग्रॅम जाते, ते वेगळेच. ताटात आले नाही म्हणून बाळाचे फारसे अडत नाही. आईच्या हाडांतून उसने घेतले जाते. शरीर मोठे प्रामाणिक आहे. दूध तुटल्यावर ही उसनवारी ते बरीचशी भरून काढते, पण भरायला ताटात काही यावे लागते. पुढे पाळी थांबली की हाडांची झीज एकदम वेगाने सुरू होते. ज्या घरात कणगा कधी भरलाच नाही, तिथे मग न्हाणीघराचा उंबरा पुरतो.

हे सगळे वाचून मी आईला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “पक्ष्याला समजतं तेवढं मला समजत नाही असं म्हणायचंय का तुला?” असे म्हणायचे धाडस मी केले नाही. रीत मोडली ती माझ्या बायकोने, आणि एकही व्याख्यान न देता. दूध तापले की पहिल्याने तीन पेले भरायचे, आईचा, मुलीचा आणि स्वतःचा. उरलेल्यात माझा चहा. पहिले चार दिवस आईने आपला पेला गुपचूप पातेल्यात परत ओतला. पाचव्या दिवशी बायकोने शांतपणे आपलाही ओतला. त्या दिवसापासून दोघी एकमेकींवर नजर ठेवून पितात. माझा चहा आता जरा काळसर असतो. डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्या आहेत, आणि सकाळच्या उन्हात बसायला सांगितले आहे, कारण उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व नसेल तर पोटात गेलेला चुना हाडापर्यंत पोचत नाही. मे महिन्यात अंगाची लाही करणारे आमचे खानदेशी ऊन, पण घराघरांतल्या बायकांना ते फारसे मिळत नाही. त्या चुलीपाशी असतात.

पहिल्या वर्षाच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांत ‘हाडांची काडे करणे’ हा वाक्प्रचार वरचेवर भेटतो. अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा. अर्थ सगळे बरोबर लिहितात, ‘अतोनात कष्ट करणे’. वाक्ये पाहिली तर शेकडा नव्वद वाक्यांचा कर्ता एकच असतो, ‘आईने हाडांची काडे करून मुलांना शिकवले.’ मी इतकी वर्षे त्याला पूर्ण गुण देत आलो आहे, आणि पुढेही देईन. यंदा मात्र वर्गात सांगितले, की या वाक्यात अलंकार नाही. आणि कोंबडी, खेकडा, खुब्याचे हाड हे सारे ओळीने सांगितले. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, मग काडांची परत हाडं होतात का?”

प्रश्न व्याकरणाचा नव्हता. डॉक्टरांकडून समजलेले होते तेच मी तिला सांगितले. झिजलेली पूर्वीसारखी होत नाहीत. औषधाने, आहाराने, चालण्याफिरण्याने झीज थोपवता येते, थोडी भरूनही निघते. पण हाडांत भर पडण्याचे वय म्हणजे विशी आणि त्याच्या आधीची वर्षे. तिशीनंतर खर्चाचा काळ. “तू किती वर्षांची?” मी विचारले.

“एकोणीस.”

“म्हणजे तुझा कणगा अजून उघडा आहे. घरी दूध किती येतं?”

“एक लिटर.”

“शेवटचा पेला कुणाचा?”

तिने उत्तर दिले नाही. शेजारच्या मुलींकडे पाहिले, त्यांनी तिच्याकडे पाहिले. तासाची घंटा झाली. मी फळ्यावरचा वाक्प्रचार पुसला नाही, तसाच ठेवून बाहेर पडलो. पुढचा तास अर्थशास्त्राचा होता.