हौदाच्या काठावर

दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात त्झानीन हे गाव आहे. भोवती आंबा, अॅव्होकॅडो आणि संत्र्या-मोसंब्यांच्या बागा. बागा आल्या तिथे माकडं येणारच, आणि त्यांच्यामागे बंदुका आणि कुत्रीही येतात. व्हर्वेट जातीची माकडीण गोळी लागून पडते तेव्हा पिल्लू बहुधा तिच्या पोटाला बिलगलेलं असतं. ते तेवढं जिवंत सापडतं. गाडीखाली गेलेल्या आयांचंही असंच. अशा पोरक्या पिल्लांना त्झानीनजवळची ‘व्हर्वेट मंकी फाउंडेशन’ ही संस्था १९९३ पासून सांभाळते आहे. तिथे मी स्वयंसेवक म्हणून राहिले.

दिवसाचं बरंचसं काम फळं-भाज्या चिरणं, भांडी घासणं, पिंजरे झाडणं हेच. नव्याने आलेल्या पिल्लाला बाटलीने दूध पाजायचं काम मिळालं, की मात्र जीव गुंतायचा. मूठभर देह, काळी लव, गुलाबी तोंड. पोट भरलं तरी ते गळ्यातून सुटत नाही; खाली ठेवलं की किंचाळतं. त्याला दुधाहून जास्त हवं असतं ते धरायला कुणीतरी.

हे विज्ञानानेही सिद्ध केलं आहे, पण फार क्रूर वाटेने. अमेरिकेत विस्कॉन्सिनला हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्लं जन्मल्याबरोबर आयांपासून तोडली आणि त्यांना दोन बाहुल्या दिल्या. एक तारेची, दूध देणारी. दुसरी मऊ कापडाची, दूध नसलेली. पिल्लं भुकेपुरती तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. १९५८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पण कुशीची ऊब दिली म्हणून माणूस माकडिणीची जागा भरून काढू शकत नाही. व्हर्वेटांचे धोक्याचे इशारे वेगवेगळे असतात. केनियातल्या अंबोसेलीत सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी केलेला त्याचा अभ्यास १९८० मध्ये गाजला. बिबट्याची हाक आली की सगळे झाडावर धावतात, गरुडाची आली की वर पाहतात नाहीतर झुडपात शिरतात, सापाची आली की मागच्या पायांवर उभे राहून गवतात बघतात. कोणती हाक कशासाठी द्यायची यात लहान पिल्लं चुकतात. गळणाऱ्या पानालाही गरुड समजून ओरडतात. मोठ्यांच्या सोबतीत वाढताना हळूहळू ती नेमकी होतात. हे शिक्षण मी कितीही बाटल्या पाजल्या तरी देऊ शकत नाही.

म्हणून संस्थेचा सगळा भर पिल्लाला मानलेली आई मिळवून देण्यावर असतो. टोळीतली एखादी मादी जाळीपाशी येते, बोटं आत घालून पिल्लाला चाचपते, त्याचे केस निवडू लागते. पुढे ते तिच्या पोटाला लटकून टोळीत जातं. मग ते माणसांकडे वळूनही बघेनासं होतं, आणि त्याचं तसं विसरणं हेच आमच्या कामाचं यश. त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते रडू आनंदाचंच होतं.

तेव्हापासून एक गोष्ट मला ऐकवत नाही. बिरबलाच्या नावावर खपणारी हौदातली माकडीण आपल्याला लहानपणीच भेटते. पाणी चढतं तसं ती पिल्लाला कडेवर, मग डोक्यावर घेते, आणि नाकाशी आलं की त्यालाच पायाखाली घालते. शेवटी ज्याला त्याला स्वतःचा जीव प्यारा, असं तात्पर्य आपण काढतो. पण तिला हौदात उतरवलं कुणी? पाणी सोडलं कुणी? काठावर उभं राहून तिच्या मायेची परीक्षा घेणाऱ्याबद्दल गोष्ट चकार शब्द काढत नाही. दुसरीचं पिल्लू पोटाशी घेणारी माकडीण मी पाहिली आहे. परीक्षा व्हायची असेल तर ती काठावरच्याची व्हावी.

काठावर आपण सगळेच आहोत. पिल्लाला कुशीत घेतलेला आपला फोटो कौतुकाने पसरतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, असं एखादं घरी पाळावं. त्या हौसेपायी कुठेतरी आणखी एक आई मारली जाते. म्हणून मी तसा एकही फोटो जवळ ठेवलेला नाही. कोकणातला आंबा-काजूचा बागायतदार वानर-माकडांनी बेजार आहे, हेही तितकंच खरं. त्याचं नुकसान खोटं ठरवून माकडं वाचणार नाहीत. त्याला वेळेवर आणि पुरेशी भरपाई हवी, बागेची राखण करायला मदत हवी, आणि जंगलात फळझाडं टिकायला हवीत. अनाथालयात पोचलेलं प्रत्येक पिल्लू हे आपण आधी न केलेल्या कामाची थकबाकी आहे. मी तिथे पुन्हा जाईन, मनापासून फळं चिरेन. पण त्याहून मोठं काम बागेच्या बांधावर आहे, आणि ते आपल्याला इथेच करायचं आहे.