शीतलतेचा अंमल

पोर्टलंड, ऑगस्ट.

बाहेर उन्हाळ्याचा ताप असताना गॅरेजमधील किण्वनपात्राचा तापमापक अकरा अंशांवर स्थिर राहिलेला पाहून मनाला जे समाधान लाभते, त्याचे कारण असे की, यीस्ट हा सूक्ष्म जीव साखरेचे मद्यार्कात रूपांतर करताना स्वतःच उष्णता निर्माण करतो, आणि तिला वेळीच आवर घातला नाही तर लागर बिअरच्या निर्मळ चवीत उग्र मद्यार्कांचा व अनाहूत फलगंधांचा शिरकाव होतो.

हा बंदोबस्त ग्लायकॉल चिलर करतो. पाण्यात सुमारे एकतृतीयांश प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळल्यामुळे शून्याखालीही न गोठणारा द्रव त्याच्या टाकीत सदैव सिद्ध असतो. पात्रातील उष्णतेने ठरलेली मर्यादा ओलांडताच नियंत्रकाचा हुकूम सुटतो, पंप सुरू होतो, आणि पोलादी वेटोळ्यातून तो द्रव फिरू लागताच बाहेरच्या नळीवर दवाचे थेंब जमतात.

अशी यंत्रे नव्हती तेव्हा थंडीसाठी ऋतूवरच विसंबावे लागे; म्हणूनच १५५३ साली बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने फर्मान काढून २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढीच मुदत बिअर करण्यास मोकळी ठेवली होती. ऋतूची ती सत्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने मोडून काढली.

तथापि किण्वनाच्या अखेरीस तापमान सतरा-अठरा अंशांपर्यंत चढू द्यावे लागते, म्हणजे बिअरमध्ये उतरलेला लोण्यासारखा गंध यीस्ट स्वतःच शोषून घेते. बंधन केव्हा आवळावे आणि केव्हा सैल करावे, हा विवेक यंत्रापाशी नसतो, तो बिअर करणाऱ्यानेच निष्ठेने जोपासावा लागतो.