संध्याकाळचे वेळापत्रक आणि केबलचा डबा

सोलापुरात जूनच्या अखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आतच. मगरिबची वेळ त्याच्या मागोमाग वर्षभर पुढे-मागे सरकत राहते. टीव्हीवरची मालिका मात्र बाराही महिने ठरलेल्या ठोक्याला सुरू होते. ज्या घरात नमाजही आहे आणि टीव्हीही आहे, त्या घरातल्या बाईला ही ओढाताण समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात सातची मालिका मगरिबच्या वेळी येते आणि साडेआठच्या बातम्या इशाच्या वेळी. रमजानमध्ये तर इफ्तार, मगरिब, जेवण, इशा आणि तरावीह यांत संध्याकाळ कधी संपते ते कळतही नाही.

आमच्या घरात त्या वेळी सहा माणसे होती. सासू-सासरे, आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. टीव्ही एकच, बैठकीच्या खोलीत. सासूबाईंना एका मालिकेची आणि डीडी उर्दूवरच्या मुशायऱ्यांची आवड. मुलाला क्रिकेट, अब्बांना बातम्या. मी शाळेतून आले की वह्या तपासायला बसते, त्यामुळे माझा या भांडणात हिस्सा नव्हता, पण निवाडा माझ्याकडेच यायचा. सगळ्यांत जास्त वाईट वाटायचे ते अम्मींचे. नमाज संपवून त्या लगबगीने गुडघ्यावर हात टेकत उठायच्या आणि बाहेर येईपर्यंत मालिका निम्मी झालेली असायची. "काय झालं ग सुरुवातीला?" असे त्या विचारायच्या, आणि प्रत्येकजण "काही नाही हो अम्मी, तेच कालचं" म्हणून मोकळा व्हायचा. हळूहळू त्यांनी विचारणेच सोडून दिले.

मालक म्हणाले, "आता मोबाइलवर सगळं मिळतं. अम्मीला एक मोबाइल देऊन टाकू." यावर मुलगी पटकन म्हणाली, "मग दादी एकट्याच कोपऱ्यात बसून बघतील." तिचे म्हणणे मला पटले. मोबाइलने वेळेचा प्रश्न सुटतो, पण घरातली माणसे एकेका कोपऱ्यात जातात. आम्हाला वेळ हवी होती तीही सगळ्यांची मिळून. म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्ही जुना डबा देऊन रेकॉर्डिंगची सोय असलेला एचडी डबा घेतला.

तसे पाहिले तर ही कल्पना नवी नाही. आमच्या लहानपणी मोहल्ल्यात लग्नाच्या रात्री भाड्याने व्हीसीआर यायचा, तो आपल्याला सिनेमा दाखवणारे यंत्र म्हणूनच ठाऊक. पण त्यात टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून नंतर पाहण्याचीही सोय होती. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी त्याविरुद्ध दावा लावला होता. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की, घरी सोयीच्या वेळी पाहण्यासाठी कार्यक्रम टेप करणे गैर नाही. १९९९ मध्ये कॅसेटऐवजी हार्ड डिस्कवर साठवण करणारे रेकॉर्डर आले. आपल्याकडे केबल डिजिटल होईपर्यंत ही सोय केबलच्या घरात पोहोचलीच नाही. सोलापूर दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत होते. ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. तेव्हापासून वायर थेट टीव्हीला न लागता डब्यातून जाऊ लागली.

आता जोडणीविषयी. भगिनींनी हे नीट वाचावे, कारण हे काम घरातल्या पुरुषांवर सोपवले की अर्धे राहते, असा माझा अनुभव आहे.

केबलवाला मुलगा आला आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांच्या जुन्याच वायरने डबा जोडून पैसे घेऊन निघाला. चित्र होते तसेच पुसट. त्या तीन रंगांच्या वायरमधून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची वायर लागते, ती एकच वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. ती लावल्यावर डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १०८० वर ठेवावा लागला. साधे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख ठिपके. पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. हा हिशेब मी वर्गात गुणाकार शिकणाऱ्या मुलांनाही घालते. ती वहीवर करून पाहतात आणि मग घरी जाऊन टीव्हीच्या मागची वायर तपासतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. डबा एचडी असला तरी वाहिनीही एचडी असावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात. २०१९ पासून आपल्या वाहिन्या आपणच निवडायच्या असा नियम आहे. आम्ही घरात कागद घेऊन बसलो आणि प्रत्येकाला एक-एक एचडी वाहिनी दिली. बाकीच्या साध्याच ठेवल्या.

रेकॉर्डिंगसाठी आमच्या डब्यात आतली डिस्क नाही. मागे यूएसबीचे भोक आहे, त्यात आपली डिस्क लावायची. डिस्क लावताच डबा विचारतो, "फॉरमॅट करू का?" इथे फार जपावे. हो म्हटले की डिस्कवर आधीचे जे काही असेल ते सगळे पुसले जाते. मालक कपाटातली डिस्क घेऊन आले होते, तिच्यात नणंदेच्या निकाहचे फोटो होते. मुलीने वेळीच हात धरला. मग कोरी ५०० जीबीची डिस्क आणली. एचडी कार्यक्रम सेकंदाला साधारण आठ मेगाबिट या वेगाने येतो असे धरले, तर तासाला साडेतीन जीबीहून थोडी जास्त जागा लागते. म्हणजे त्या डिस्कवर सव्वाशे-दीडशे तास मावतात. डबा मध्येच बंद पडू लागला तर डिस्कला पुरेशी वीज मिळत नसण्याची शक्यता असते. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी डिस्क लावली की ती अडचण दूर होते.

वापरता वापरता आणखी काही गोष्टी कळल्या. भिंतीवरचे बटन बंद केले की डबा झोपत नाही, मरतोच, मग रेकॉर्डिंग कुठले? रिमोटने बंद करावा, म्हणजे तो ठरल्या वेळी आपोआप जागा होतो. मालिका दोन-चार मिनिटे पुढे-मागे होतात, म्हणून आधी पाच आणि नंतर दहा मिनिटे जादा धरावीत. आमच्या डब्यात एका वेळी एकच वाहिनी पकडण्याची सोय आहे. त्यामुळे मालिका रेकॉर्ड होत असताना मुलाला मॅच पाहायची झाली तर अडचण. त्या दिवशी दोघांनी आपसांत ठरवायचे, माझ्याकडे यायचे नाही.

अजान झाली की चालू कार्यक्रम थांबवण्याचे बटनही आहे. पडद्यावरचा माणूस तोंड उघडे ठेवून तसाच उभा राहतो. नमाज झाल्यावर परत बटन दाबले की तो वाक्य पुरे करतो. अब्बांना याची फार गंमत वाटायची. "हा बघा, वाट बघतोय बिचारा," म्हणायचे.

अम्मींना शिकवणे हे खरे काम होते. त्या कुराणशरीफ वाचतात, उर्दू वाचतात, पण डब्याची सगळी अक्षरे इंग्रजी. मी एका जाड कागदावर उर्दूत पाच ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळीपुढे रंगीत ठिपका काढला. शाळेतल्या तक्त्यांसाठी आणलेल्या चिकटपट्टीचे त्याच रंगांचे तुकडे रिमोटवर लावले. लाल म्हणजे साठवा, हिरवा म्हणजे दाखवा, पिवळा म्हणजे थांबवा. पहिल्या आठवड्यात त्यांनी चुकून दोन तास बाजारभाव साठवले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना माझी गरज उरली नाही. महिन्याभरात त्या शेजारच्या खालाला सांगत होत्या, "तुम्हाला नाही सापडलं ना? आमच्याकडं आहे. इशानंतर या."

सव्वानऊची वेळ ठरली. जेवण आवरून सगळे बसायचे. रेकॉर्ड केलेल्या अर्ध्या तासातल्या जाहिराती पुढे ढकलल्या की मालिका वीस-बावीस मिनिटांत संपते. पुरानंतर कथेचे पुढे काय होणार यावर अम्मी आणि माझा मुलगा पैजा लावू लागले. माझ्या लक्षात आले की आता त्यांना कोणी "तेच कालचं" म्हणत नव्हते. उलट, त्याच आम्हाला आधीचे सांगत होत्या.

साठवण्याचा लोभही वाढतो, हेही सांगायला हवे. दोन महिन्यांत डिस्कवर न पाहिलेल्या कार्यक्रमांची रांग लागली. साठवले म्हणजे पाहिले असे मनाला वाटू लागते आणि सुट्टीचा दिवस ती रांग संपवण्यात जातो. म्हणून आम्ही नियम केला की, आठ दिवसांत पाहिले नाही तर पुसायचे. पुसण्याचा अधिकार अम्मींचा. त्यांनी कुणाचीही गय केली नाही.

एकदा मी एक चांगला मुशायरा शाळेत नववीच्या मुलांना ऐकवावा म्हणून डिस्क काढून लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला काहीच वाचता येईना. चौकशी केल्यावर कळले की रेकॉर्डिंग कुलूपबंद असते आणि किल्ली फक्त त्याच डब्यात असते. दुसऱ्या डब्यात, अगदी त्याच प्रकारच्या डब्यातही ते चालत नाही. तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगून ठेवले, "हा फ्रिज आहे, संदूक नव्हे. चार दिवस ठेवायचं ते यात ठेवा. जन्मभर ठेवायचं ते नको."

त्यानंतर दोनच महिन्यांनी मोहल्ल्यातल्या ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार झाला. अब्बांनी चादरीच्या कारखान्यात पस्तीस वर्षे काम केले होते. त्यांना दोन शब्द बोलायला उभे केले. शहरातल्या केबलच्या स्थानिक वाहिनीवर तो कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दाखवला गेला आणि अम्मींनी लाल बटन दाबले. चार मिनिटांचे भाषण. मागावर शेजारी काम करणाऱ्या तेलुगू कारागिराकडून आपण विणकाम कसे शिकलो, मराठी बोलायला कुठे लागलो आणि उर्दू घरी कशी राहिली, असे ते बोलले. मधेच विसरले, हसले, पुन्हा सुरू झाले. गेल्या वर्षी रमजानच्या आधी अब्बांचा इंतकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आठ दिवसांचा नियम त्या एका रेकॉर्डिंगला अम्मींनी कधीच लावला नव्हता. इद्दतच्या दिवसांत आणि नंतरही, घरात कोणी नसताना त्या ते लावत. मला आवाजावरून कळायचे. मी आत जात नसे.

या वर्षी पावसाळ्यात डबा दर तासाला अडकू लागला. केबलवाल्याने सांगितले, "बदलावा लागेल, जुना परत द्या." मुलीने माझ्याकडे पाहिले, आम्हा दोघींना त्याचा अर्थ माहीत होता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या रात्री आम्ही खिडक्यांचे पडदे ओढले, पंखा बंद केला, टीव्हीसमोर स्टुलावर पुस्तकांची चवड रचून तिच्यावर मोबाइल टेकवला आणि पडद्यावरचे भाषण मोबाइलने टिपले. डबा दोनदा अडकला. तिसऱ्या वेळी चारही मिनिटे सलग मिळाली. ती मालकांच्या मोबाइलवर, नणंदेकडे, लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवली. स्थानिक वाहिनी एचडी नव्हतीच. त्यात पडद्याचे फोटो काढल्यासारखे चित्र, कडेला पट्टे, रंग फिके. आवाज मात्र स्वच्छ आहे, हसणेसुद्धा.

म्हणून माझे सांगणे इतकेच. हा डबा घरात घ्यायचा असेल तर जरूर घ्या. संध्याकाळ पुन्हा आपल्या हातात येते, आणि नमाज व जेवण घाईने उरकावे लागत नाही. पण आपल्या माणसाचा चेहरा किंवा आवाज त्यात आला, तर त्याच आठवड्यात तो बाहेर काढून दोन-तीन ठिकाणी ठेवा. डबा कंपनीचा असतो, तो कधीही परत मागितला जातो.

नवा डबा आला. जुनी डिस्क त्याने ओळखली नाही, फॉरमॅट करू का असे विचारले. मी अम्मींकडे पाहिले. त्या मोबाइल छातीशी धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कर दुल्हन, पूस. इथं आहेत ना ते." मग नवा रिमोट हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "याच्यावर लाल कुठं लावायचा?"