दहा किलोमीटरवरून मॅरेथॉनचा अंदाज

"डॉक्टर, दहा किलोमीटर एका तासात होतात. मग फुल मॅरेथॉन किती वेळात होईल?" मुंबई मॅरेथॉन जवळ आली की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.

त्रैराशिक मांडलंत तर उत्तर येतं ४ तास १३ मिनिटं. पण शरीर त्रैराशिक पाळत नाही. अमेरिकन अभियंता पीट रीगेल यांच्या १९७७ च्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होतो. त्या हिशोबाने तुमची हाफ मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत आणि फुल ४ तास ३६ मिनिटांत व्हायला हवी.

हे सूत्र तुमचा लांब पल्ल्याचा सराव झालाय असं गृहीत धरतं. तो नसेल तर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतलं ग्लायकोजेन संपत येतं आणि पाय जड होतात. त्यात मुंबईची दमट हवा!

म्हणून फुलचा अंदाज हाफच्या वेळेवरून बांधा, आणि सुरुवात त्याहूनही सावकाश करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर घड्याळ विसरून थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. आकडा अंदाजासाठी आहे, हट्टासाठी नाही.