अठरा तास आणि आमची कंबर

गेल्या आठ वर्षांत आमची कंबर किती वेळा धरली याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पहिली वेळ मात्र पक्की लक्षात आहे. वय सत्तावीस. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचा स्टॉल होता. टेम्पोतून गठ्ठे उतरवताना एक गठ्ठा वाकून, अंग वळवून उचलला आणि कमरेत अशी कळ गेली की तिथेच खाली बसलो. सोबत्यांनी विचारलं, तर "काही नाही, पाय घसरला" म्हणालो. खोटं बोललो. का बोललो, त्याबद्दल लिहायचं आहे.

चळवळीत दुखणं सांगायची सोय नाही. जो सांगेल तो ढिला कार्यकर्ता. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, हे आम्ही लहानपणापासून ऐकलं. जयंतीला सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. एम.ए.ला असताना आम्हीही प्लास्टिकच्या खुर्चीवर तेवढा वेळ बसलो, अभिमानानं बसलो. त्या उपक्रमाला आमचा विरोध नाही. पण हेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते आणि त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हे आम्ही भाषणात सांगतो आणि भाषण संपलं की रात्री अकराला खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटारसायकलवर साठ किलोमीटर परत निघतो. त्यांचे अठरा तास आम्ही घेतले, अठ्ठेचाळीस तास सोडून दिले. मधुमेहानं आणि पायांच्या वेदनांनी बाबासाहेबांचे शेवटचे दिवस कसे गेले, हे तर आम्ही पोरांना सांगतच नाही.

दुखणं लपवलं की ते वाढतं. दर चार-सहा महिन्यांनी कंबर धरू लागली. घरात नाना सल्ले. एका नातेवाइकानं सांगितलं, पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्या, उसण जाते. २२ प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं! शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआय बघून "मणक्यात गॅप आहे" म्हटलं, पट्टा दिला आणि महिनाभर पडून राहायला सांगितलं. पंधरा दिवस पडलो. उठलो तेव्हा पाय लटपटत होते आणि मनात भीती बसली होती की आता आपण कायमचे गेलो.

ती भीती काढली एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी. बहुतेक कंबरदुखीत बोट ठेवून दाखवावी अशी एक मोडतोड सापडत नाही. ज्यांना काहीच दुखत नाही, अशा माणसांच्या एमआरआयमध्येही गादी झिजलेली दिसते. म्हणून झेपेल तेवढं चालत राहा, पोट-पाठीचे व्यायाम करा, काम हळूहळू वाढवा, असं त्यांनी सांगितलं. सोबत ताकीदही दिली. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ताप येत असेल, विनाकारण वजन घटत असेल, तरी थांबायचं नाही. आणि तरुण वयात तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास कंबर आखडत असेल, हालचालीनं बरं आणि पडून राहिल्यानं वाईट वाटत असेल, तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते.

एका संध्याकाळी व्यायाम करत होतो. आई बघत होती. म्हणाली, "मले त कोनं आजवर इचारलं नाही, कंबर दुखते का म्हून." चाळीस वर्षं निंदण आणि कापूस वेचणी. आम्ही समाजशास्त्रात श्रमविभागणी शिकलो, श्रमिकांच्या विभागणीवर निबंध लिहिले, आणि घरातल्या पाठीला कधी विचारलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. त्यातल्या किती जणांना भरपगारी रजा असेल? "काम हळूहळू वाढवा" हा सल्ला चुकीचा नाही, पण रोजंदारीवरच्या बाईला मुकादम हळूहळू वाढवू देत नाही. वस्तीत आरोग्य शिबिरं घेतो तेव्हा आम्ही रक्तदाब आणि साखर तपासतो. कंबरेचं खुरपणाऱ्या बाईला विचारावं, हे इतकी वर्षं सुचलं नाही.

दीघनिकायातल्या संगीतिसुत्तात एक प्रसंग आहे. पावा इथं मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश झाला. भिक्खू अजून जागे होते. तेव्हा भगवंतांनी सारिपुत्ताला पुढचा उपदेश करायला सांगितलं. माझी पाठ दुखते आहे, मी जरा पडतो, असं सगळ्यांसमोर सांगितलं. संघाटीची चौपदरी घडी घालून ते उजव्या कुशीवर आडवे झाले. सारिपुत्त बोलत राहिले. शेवटी भगवंतांनी उठून, छान बोललास, म्हणून त्यांना शाबासकी दिली. लपवालपव नाही, पाय घसरल्याचं निमित्त नाही. मुख्य म्हणजे पुढं बोलायला सारिपुत्त तयार होता. आमच्याकडे माईक एकाच्याच हातात असतो, म्हणून आडवं पडायची भीती वाटते.

यंदाच्या कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्राला कंबर धरली. आम्ही तसं सांगितलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं आमची टिपणं घेतली आणि ती उभी राहिली. विहाराच्या मागच्या भिंतीशी चटईवर पडून आम्ही ऐकत होतो. दोन ठिकाणी ती आमच्या टिपणांशी असहमत झाली. एका ठिकाणी तिचं बरोबर होतं, दुसऱ्यावर वाद अजून चालू आहे.